हिराजीकाकाच्या मेंदूचा फोटो

स्वतःच्या मेंदूचा फोटो फ्रेम करून भिंतीला लावलेला माणूस आमच्या गावात एकच आहे, आणि तो चौथी नापास आहे. फोटो लावलाय तोही देवघराच्या शेजारी, बायकोच्या फोटोच्या उजव्या हाताला. बायकोच्या फोटोला चंदनाचा हार आहे, मेंदूला नाही. "हार मेल्यावर," हिराजीकाका सांगतो. "मेंदू माझा जिता हाय." दसऱ्याला मात्र त्या फोटोला झेंडूचं फूल आणि हळदकुंकू मिळतं. त्या दिवशी तो कोयता, कुदळ आणि सायकल यांच्या जोडीने हत्यारांत मोजला जातो.

घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी फोटोसमोर उभं राहावं लागतं. मीटर बघायला आलेल्या वायरमनला, पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्याला, कुणालाच सुटका नाही. मागच्या निवडणुकीला एक उमेदवार हात जोडून आला. काकाने त्याचे जोडलेले हात तसेच धरले आणि त्याला भिंतीपाशी नेलं.

"ह्यो पुढला भाग दिसतो? ह्यो मी. उघाडीवर बसलेलो."

"वा, छान," उमेदवार म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्याचा धंदाच तो.

"तुमच्याकरं असला फोटू हाय?"

"नाही."

"मंग कशाच्या जोरावर उभं ऱ्हायलाव?"

हा फोटो मी काढलेला आहे, म्हणून त्याची हकिगत सांगायचा हक्कही माझा.

माझे आईबाप उरणजवळच्या मिठागरावर मजुरी करायचे. दिवाळीनंतर भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं, वैशाख संपेपर्यंत मीठ ओढायचं, आणि पाऊस आला की चार महिने अर्धपोटी राहायची तयारी करायची. बाप लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढून ढीग लावायचा. आई ते टोपलीत भरून डोक्यावरून बांधावर नेऊन टाकायची. तिच्या टाळूवर रुपयाएवढी जागा अजून केसांवाचून आहे. पायांच्या भेगांत मीठ भरायचं. संध्याकाळी ती भेगांना खोबरेल लावून पाय चुलीसमोर धरून बसायची, आणि सगळ्या आयांचे पाय असेच असतात असं मला वाटायचं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले, वर एमआरआय मशीन चालवायचं शिकले, आणि आता पनवेलकडच्या एका मोठ्या इस्पितळात माणसांच्या डोक्यांचे फोटो काढते. हे मी मिरवते. कुणाला खटकत असेल तर त्याने वैशाखातला एक दिवस टोपली उचलून बघावी.

हिराजीकाका आमचा रक्ताचा कुणी नाही. आमच्या घराला लागून त्याचं घर, आणि मिठागरावर तो बापाच्या बरोबरीचा. त्याचं काम उघाडीवर. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधाला बसवलेला लाकडी दरवाजा. भरती आली की तो उचलायचा, हवं तेवढं पाणी आलं की पाडायचा. वेळ चुकली तर महिन्याचं मीठ वाहून जायचं. एवढ्या जोखमीच्या कामाला काकाने आयुष्यात घड्याळ वापरलं नाही. त्याचं घड्याळ बिडीचं. बिडीला तो बिरी म्हणतो. आमच्याकडे सगळेच म्हणतात. मी कॉलेजात गेल्यावर सोडलं.

त्या घड्याळावर सगळा गाव मोजून झाला होता. भात शिजायला दोन बिड्या. बंदरापर्यंत चालत चार. एसटी नेहमी तीन बिड्या उशिरा. माझा बारावीचा पेपर तीन तासांचा आहे हे ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. "बारा बिऱ्या! आनि मधी बाहेर सोरत नाय?"

पुढे मिठागरं गेली आणि त्या जागी कंटेनर आले. काल जिथे पांढरे ढीग होते तिथे आज लाल-निळ्या पेट्यांच्या सहा-सहा मजल्यांच्या चाळी उभ्या आहेत. काका तिथल्याच एका यार्डाच्या गेटवर वॉचमन झाला. 'धूम्रपान सक्त मनाई' या पाटीखाली त्याची खुर्ची. पाटीला डोकं टेकून तो ओढायचा. मी टोकलं तर म्हणाला, "मना पाटी राखाया ठेवलाय, वाचाया नाय."

दोन वर्षांपूर्वी, पाऊस उघडता उघडता, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा निळा पडला. मग काळा. काकाने त्याला आधी हळद लावली, मग चुना, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून रॉकेल. वास सुटला तेव्हा मी त्याला धरून सर्जनकडे नेलं. सर्जनने पाय दाबून पाहिला आणि सरळ सांगितलं. पायाच्या रक्तवाहिन्या बिडीने आवळल्यात. अंगठा काढावाच लागेल. बिडी चालू राहिली तर जखम भरणार नाही, मग पाऊल जाईल, मग गुडघ्याखालचा पाय.

"बिडी की पाय, तुम्ही ठरवा."

काकाने गंभीरपणे विचारलं, "कंचा पाय?"

"डावा."

"उजव्याला काय नाय ना?"

"आज तरी नाही."

"मंग इचार करतो."

सर्जनने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच याला लहानाचा मोठा केला.

अंगठा गेला. आता पायाचा प्रश्न होता. आमच्या इस्पितळात तंबाखू सोडवायचा एक विभाग आहे. तिथल्या मॅडम पुण्याच्या, तरुण, बोलायला मऊ. त्यांच्याकडे गोळी नाही की चिकटपट्टी नाही. बारा आठवडे, दर आठवड्याला एकदा बसायचं. बिडी कधी, कुठे, कुणाबरोबर ओढतो ते वहीत लिहायचं, आणि एकेक सवय उलगडून तिच्या जागी दुसरी घालायची. सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा मेंदूचा एमआरआय, म्हणजे सवय सुटताना आत काय बदलतं ते दिसावं.

"सुई नाय?" काकाने विचारलं.

"नाही."

"गोली नाय?"

"नाही काका. फक्त बोलायचं," मॅडम म्हणाल्या.

काका माझ्या कानाशी वाकला. "निसतं बोलायचा पगार घेते?"

एमआरआयच्या खोलीत लोखंड चालत नाही. मी त्याला सगळं काढून ठेवायला सांगितलं. करदोट्याची चावी निघाली, दोन सेफ्टी पिना, एक तावीज, पत्र्याची तपकिरीची डबी. शेवटी कानामागून बिडी निघाली. "ही लोखंडाची नाय," तो म्हणाला आणि परत कानामागे ठेवायला लागला.

आत झोपलेल्या माणसाला डोळ्यांवरच्या आरशात चित्रं दिसतात. प्रत्येक चित्रानंतर बोटाखालचं बटण दाबायचं. तलफ नाही आली तर एक, फार आली तर चार. सिगारेट, राखेची वाटी, धूर सोडणारी लाल ओठांची बाई, अशी चित्रं तंबाखूची. आणि अधूनमधून साधी चित्रं, ज्यांनी कुणाला काही होऊ नये. खुर्ची, छत्री, कप, वेताची टोपली.

काकाने सिगारेटला एक दाबलं. राखेच्या वाटीला एक. लाल ओठांच्या बाईला एक, आणि बाहेर आल्यावर "ती कोनाची?" असं विचारलं. आणि टोपलीला चार. टोपली तीन वेळा आली. तिन्ही वेळा चार.

"बटणं उलटी दाबलीत वाटतं," मॅडम हळूच म्हणाल्या.

मला लाज वाटली. इतकी वर्षं शिकून, घासून, मी या खोलीत पोचले, आणि माझ्या गावचा माणूस इथे येऊन टोपलीसाठी तडफडतोय. "सिगारेटीला काहीच कसं नाही झालं तुला?" मी विचारलं.

"त्या सिगारेटी. माझा मेंदू बिरी वलखतो. अनोलखी मानसाला बघून कोन उठून उभा ऱ्हातो?"

हे मॅडमनी लिहून घेतलं. मी सोडणार नव्हते. "आणि टोपली? टोपली ओढतोस तू?"

तो वाकून चपला शोधत राहिला. चपला पायातच होत्या.

वही लिहायचं काम माझ्यावर आलं, कारण काकाला सहीपलीकडे लिहिता येत नाही. वहीत पाच रकाने: वेळ, जागा, कुणाबरोबर, काय वाटलं, तलफ किती. मी रोज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसून विचारायची.

"सकाळी सहा. काय वाटलं?"

"बिरी वाटली."

"तसं नाही. मनात काय आलं? राग, काळजी, कंटाळा?"

"बिरी आयली मनात."

चाळीस ओळी 'बिरी वाटली' लिहून माझा हात दुखला, तेव्हा माझी आई कुंपणापलीकडून ओरडली, "भावजी, ती शिकलेली हाय, तिला काय तरी बरं सांग. नायतर खोटं सांग."

"वयनी, खोटं फोटूत दिसतं," काका म्हणाला. एका एमआरआयमध्ये तो एवढा शहाणा झाला होता. नंतर नंतर तर त्याने सगळंच मेंदूवर ढकललं. आईने कालवणाचा टोप परत मागितला की मेंदू विसरला. भजनात ताल चुकला तर मेंदूचा पुढला भाग उशिरा आला. मासळीवाली दोन बोंबील कमी देते, तेही तिच्या मेंदूचं काम, तिचा दोष नाही. तिने फक्त माझ्या मशीनमध्ये एकदा झोपायला हवं.

मॅडमनी सांगितलं होतं, तलफ आली की दहा मिनिटं थांबा, ती लाटेसारखी चढते आणि उतरते. तोंडात काहीतरी ठेवा, लवंग, वेलची, बडीशेप. वेलची महाग, म्हणून काकाने सुकट ठेवली. सदऱ्याच्या खिशात करंदीची, म्हणजे सुक्या बारीक कोळंबीची पुडी, तलफ आली की चिमूटभर तोंडात. उरण ते पनवेल एसटीत आमच्या पुढची आणि मागची बाकडी रिकामी व्हायची. मॅडमच्या वातानुकूलित खोलीत त्या वासाने काय केलं ते मी लिहीत नाही. पण त्यांनी हसून वहीत टिपलं: पर्याय सापडला. आणि खरंच, तीन आठवड्यांत दिवसाच्या चाळीस बिड्यांच्या बारा झाल्या.

मग गाडी अडकली. त्याचं कारण मुकादम.

झालं असं की मॅडमनी मेंदू समजावून सांगायला घेतला. आतला एक भाग असतो, तो 'हवं, हवं' करतो. कपाळामागे पुढचा भाग असतो, तो म्हणतो 'थांब'. सवय सोडताना तुम्ही रोज सराव करता, त्याने पुढचा भाग बळकट होतो आणि आतल्याचा आरडाओरडा कमी होतो. समजायला सोपं जावं म्हणून त्या म्हणाल्या, "काका, पुढचा भाग म्हणजे तुमच्या मिठागरावरचा मुकादम समजा. कामगारांना शिस्तीत ठेवणारा."

काका सरळ बसला. "त्याला बलकट करायचा?"

"हो."

"मी?"

"हो, तुम्हीच करायचा."

एसटीत बसल्यावर तो बोलला. "बाय, जलम गेला माझा मुकादमाशी भांरन्यात. आता त्याला डोक्यात बसवू, वर खायाला घालू? नाय जमनार." आणि खरोखर त्याने संप केला. दहा मिनिटं थांबायचं बंद. आतला 'हवं, हवं' करणारा तो कामगार, म्हणजे आपला माणूस, आणि त्याच्या बाजूने उभं राहणं हे काकाला कर्तव्य वाटायला लागलं. मी त्याला शिकवलं, समजावलं, शेवटी टोमणे मारले. "पाय कापला की युनियनचा झेंडा लाव त्या लाकडी पायाला," असंही म्हणाले. तो हट्टाला पेटला की भरतीलाही थांबवील असा माणूस.

सर्जनने जखम पाहून मान हलवली. भरत नव्हती. "एकसुद्धा नको," तो म्हणाला. "दोन आठवडे देतो. नाहीतर पावलाची तयारी ठेवा." त्या दिवशी काका घाबरला. सकाळच्या सोडल्या, जेवणानंतरच्या सोडल्या, मुकादमाशी न बोलता, नुसत्या भीतीने. उरली फक्त चारची. रोज संध्याकाळी चार वाजता, यार्डाच्या भिंतीमागे मिठागराचा जुना बांध पंधरा-वीस पावलं उरलाय, तिथे.

"कुणाबरोबर?" मी लिहिता लिहिता विचारायची.

"एकटा."

"काय वाटतं तेव्हा?"

"लिव ना. बसलो."

एकदा सकाळची पाळी संपवून मी लवकर आले आणि सरळ बांधावर गेले. काका पाठमोरा बसला होता. हातात पेटलेली बिडी. आणि शेजारी, बांधाच्या दगडावर, आणखी एक. तिच्या टोकाला राख होती, ती विझलेली होती.

माझा संताप आवरेना. "एक पुरत नाही? दोन-दोन पेटवतोस?"

"ती माझी नाय."

"मग कुणाची? माझी?"

त्याने माझ्याकडे वर पाहिलं आणि हसला. "तुझीच समज."

मी त्याच्या हातातली बिडी घेऊन चिखलात टाकली. म्हणाले, "पाय तुझा आहे काका. उद्यापासून वही तू लिही." आणि घरी आले.

आई पडवीत बोंबील साफ करत होती. मी तिला सगळं सांगितलं, चांगलं तिखटमीठ लावून. शेजारची बिडी दगडावर कशी ठेवली होती ते हातवारे करून दाखवलं. ती हसेल अशी माझी अपेक्षा होती. तिने विळी आडवी केली.

"दगरावर ठेवलेली?"

"हो."

"ती माझी," आई म्हणाली.

मग तिने सांगितलं, आणि तिला सांगताना बोंबलांचा विसर पडला. मिठागरावर बसलेल्या माणसाला मुकादम उठवायचा. दुसऱ्यांदा दिसला तर अर्धी हजेरी कापायचा. फक्त बिडी ओढणाऱ्याला उठवायचा नाही, कारण तो स्वतः बिडीचा. बिडी पेटलेली आहे तोवर बसायची मुभा, हा तिथला कायदा. बायकांच्या हातात बिडी नसायची, म्हणून बायका बसायच्या नाहीत.

"तू पोटात व्हतीस. सातवा लागलेला. चार वाजता पाय उचलंनात. भावजी उघारीवरून आयला, माझी टोपली उतरवली, दोन बिऱ्या पेटवल्या. एक माझ्या हातात दिली. बोलला, वयनी, बस. ओढू नको, निसती धर."

"मुकादम?"

"त्यानं बघितलं, थुकला, नि गेला. बाया पन फुकाया लागल्या, बोलला. पन उठवलं नाय."

"आणि लोक?"

"लोकं बोलायची. तुझी आजी तीन महिने माझ्याशी बोलली नाय. तुझ्या बापसाला म्हायीत व्हतं. तो बोलला, बोलू दे, तू बस." आईने विळी बाजूला सारली. "बिरी ओढली नाय तं इझते. मंग तो माझ्या हातातली घ्यायचा, दोन झुरके मारायचा, परत द्यायचा. सोताची पन ओढायचा, माझी पन. माझ्यामागं आनखी बाया. जिला उभं ऱ्हावंना तिची टोपली उतरवायची नि बिरी पेटवायची."

"पण त्यालाच का एवढं?"

"त्याच्या यशोदेला कोनी बसू दिलं नव्हतं," आई म्हणाली. "तिलाबी सातवाच. टोपली डोक्यावर असताना खाली आयली. ती गेली, पोर गेलं. तवा तो बिरी ओढत पन नव्हता."

यशोदाकाकी बाळंतपणात गेली, एवढंच मला माहीत होतं. आई परत बोंबलांकडे वळली. मी पडवीच्या पायरीवर बसून राहिले. टोपली दिसली की बिडी पेटवायची, असं एका माणसाने किती मोसम, दिवसातून किती वेळा केलं होतं. त्याच्या मेंदूने ते चोख लक्षात ठेवलं होतं, आणि त्याने बटणंही बरोबरच दाबली होती. बी.एस्सी. होऊन चुकीचं वाचलं होतं ते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन त्याच्या ओट्यावर गेले. "चारच्या ओळीत खरं लिहू का?"

"वयनीनं सांगितलं?"

"हो."

"लिव मंग. नायतरी फोटूत दिसनारच."

मॅडमनी ती पानं वाचली आणि पेन खाली ठेवलं. मग मला म्हणाल्या, "मी त्यांना मुकादम बळकट करा म्हणून सांगत होते." त्यांचा चेहरा उतरला होता. "आता पुढच्या भागाला काय म्हणू गं?"

"उघाडीवाला म्हणा," मी म्हणाले. "पाणी कधी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं हे ठरवणारा. तो कुणाला मारत नाही, ओरडत नाही. दरवाज्यावर बसतो."

काका ऐकत होता. त्याने स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. "म्हंजे हितं मी हाय?"

"तुम्हीच," मॅडम म्हणाल्या.

"मंग आधी बोलायचं ना! दोन आठवडे मी सोतालाच उपाशी ठेवला!"

मॅडमनी नवं काम दिलं. वेळ तीच, बांध तोच, टोपलीसुद्धा समोर ठेवायची. फक्त बिडी नाही. नुसतं बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण रिकाम्या हाताने बसणं हे काकाने जन्मात केलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो बसला आणि लगेच उठला. पुन्हा बसला, पुन्हा उठला. मी लांबून पाहत होते. तेवढ्यात आई घरातून आली. माळ्यावरची जुनी टोपली तिच्या डोक्यावर होती, रिकामी. ती बांधावर चढली, टोपली त्याच्यासमोर आपटली आणि त्याच्या शेजारी बसली.

"बसले," आई म्हणाली. दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले. "हातात काय नाय. बघू कोन उठवतंय."

यार्डाचा भोंगा वाजला. काका दचकून अर्धा उठला. आईने त्याचा सदरा धरून खाली ओढलं.

"भावजी, बस."

तो बसला. टोपलीकडे बघत राहिला. सुकटीची पुडी काढायचंही त्याला सुचलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, "किती येल झाला?"

"एक बिरी झाली असंल."

"आता?"

"आता दुसरी बिरी बस."

असे ते रोज बसले. बारा आठवडे भरले तेव्हा मी त्याला परत मशीनमध्ये घातलं. यावेळी मॅडमनी चित्रांत बिडीही घातली होती. कानामागून काही निघालं नाही, खिशातून करंदी निघाली. बिडीच्या चित्राला त्याने एक दाबलं, टोपलीला दोन. मी विचारलं, दोन कशाला? म्हणाला, "खोटं कशाला दाबू? दोन येतेच."

आधीचा आणि नंतरचा फोटो मॅडमनी शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आतल्या भागातली चमक मंद झाली होती, कपाळामागचा भाग पहिल्यापेक्षा जागा दिसत होता. एकाच माणसाच्या फोटोवरून फार मोठं काही म्हणता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. काकाला वाटलं त्या जळतात. त्याने नंतरच्या फोटोची प्रत मागून घेतली आणि पनवेलच्या बाजारात फ्रेम करायला टाकली. फ्रेमवाल्याने कुणाचा फोटो म्हणून विचारलं, तेव्हा त्यालाही अर्धा तास बसवलं.

घरी येऊन त्याने खिळा ठोकला तो यशोदाकाकीच्या शेजारी. फोटो लावला, मागे सरून पाहिला, आणि तिच्या फोटोकडे बघून म्हणाला, "आता बस."

या गोष्टीला दीड वर्ष उलटून गेलं. यार्डाने बांधाचा तो तुकडा अजून पाडलेला नाही. आई रोज चार वाजता तिथे जाते. हिराजीकाका आधीच आलेला असतो. दोघांच्या हातात काही नसतं. जखम भरली, अंगठा सोडून डावा पाय शाबूत आहे, आणि हिराजीकाकाने बिडी सोडली.